प्रथिनांचे पेशीअंतर्गत वहन

सजीव पेशीत तयार झालेली प्रथिने आपापल्या नियत स्थानी पोहोचण्याच्या प्रक्रियेला प्रथिनांचे पेशीअंतर्गत वहन असे म्हणतात. प्राणी, वनस्पती व कवके यांच्या पेशींचा अंतर्भाग पटलांनी वेढलेल्या अनेक कप्प्यांत विभागलेला असतो. केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका व पेरॉक्सिसोम हे त्यांतील प्रमुख कप्पे होत. तंतुकणिका व हरितलवके स्वतःची थोडी प्रथिने स्वतः तयार करतात; उर्वरित सर्व प्रथिनांची निर्मिती पेशीद्रव्यातील रायबोसोमांवर सुरू होते. तेथून प्रत्येक प्रथिनाला योग्य कप्पा गाठावा लागतो. रचनेने निर्दोष असलेले प्रथिनही चुकीच्या कप्प्यात गेल्यास त्याचा उपयोग होत नाही.

संकेत-क्रम

प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी असते. ही साखळी कोठे जायची, हे तिच्यातीलच एका लहान भागावरून ठरते. या भागाला संकेत-क्रम म्हणतात. आंतर्द्रव्यजालिकेकडे जाणाऱ्या प्रथिनांत तो बहुधा साखळीच्या आरंभी असतो. तो रायबोसोमातून बाहेर पडताच एक संकेत-ओळख कण त्याला चिकटतो आणि रायबोसोमाला जालिकेच्या पटलापर्यंत नेतो. मग वाढती साखळी पटलातील मार्गिकेतून आत शिरते व संकेत-क्रम सहसा कापून टाकला जातो. ज्या प्रथिनात कोणताही संकेत-क्रम नसतो, ते पेशीद्रव्यातच राहते.

वहनाचे मार्ग

वहनाचे मुख्य मार्ग तीन आहेत. केंद्रकात जाणारी प्रथिने घडी घातलेल्या अवस्थेतच केंद्रकछिद्रांतून आत जातात. तंतुकणिकेत शिरणाऱ्या बहुतेक प्रथिनांना घडी उलगडून पटल ओलांडावे लागते. तिसरा मार्ग पुटिकांचा आहे. एका कप्प्याच्या पटलाला फुगवटा येऊन लहान पिशवीसारखी पुटिका सुटी होते आणि पुढच्या कप्प्याच्या पटलात विलीन होते. आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गी संकुलाकडे व तेथून लयकारिकेकडे किंवा पेशीबाहेर प्रथिने याच मार्गाने जातात.

स्वादुपिंडातील इन्सुलिन हे याचे परिचित उदाहरण आहे. मानवी इन्सुलिनची मूळ साखळी ११० अमिनो आम्लांची असते. त्यांपैकी पहिली २४ संकेत-क्रमाची असून आंतर्द्रव्यजालिकेत शिरताना ती गळून पडतात. उरलेल्या साखळीची तेथे योग्य घडी पडते व ती गॉल्गी संकुलातून पुटिकांत येते. तेथे मधला भाग कापला जाऊन ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन तयार होते. रक्तातील ग्लुकोज वाढल्यावर या पुटिका पेशीपटलाशी एकरूप होतात आणि इन्सुलिन बाहेर पडून रक्तात मिसळते.

वहनातील दोष व आजार

लयकारिकेत जाणाऱ्या अनेक विकरांवर गॉल्गी संकुलात मॅनोज-६-फॉस्फेट ही खूण उमटवली जाते. आय-सेल या आनुवंशिक आजारात ही खूण उमटत नाही. परिणामी विकरे लयकारिकेऐवजी पेशीबाहेर जातात आणि लयकारिकांत न पचलेले पदार्थ साचत राहतात. हा आजार बहुधा बालपणीच प्राणघातक ठरतो.

प्राथमिक हायपरऑक्झॅल्युरियाच्या पहिल्या प्रकारात यकृतातील एका विकराचे कार्य बिघडते. काही रुग्णांत हे विकर कार्यक्षम असते. मात्र ते पेरॉक्सिसोमऐवजी तंतुकणिकेत जाते. त्यामुळे शरीरात ऑक्झॅलेट वाढते, मूत्रपिंडात खडे होतात व मूत्रपिंड निकामी होऊ शकते. सिस्टिक फायब्रोसिसच्या सर्वाधिक आढळणाऱ्या उत्परिवर्तनात एकच अमिनो आम्ल गळते. त्यामुळे प्रथिनाची घडी नीट पडत नाही, आणि पेशीपटलावर पोहोचण्यापूर्वीच पेशीची तपासणी यंत्रणा त्याला अडवून नष्ट करते. अशा प्रथिनाची घडी सुधारून त्याला पेशीपटलापर्यंत पोहोचण्यास मदत करणारी औषधे आता उपलब्ध आहेत.

संशोधनाचा इतिहास

जॉर्ज पॅलेड यांनी किरणोत्सारी अमिनो आम्लांच्या साहाय्याने स्वादुपिंडाच्या पेशींतील प्रथिनांचा प्रवास टप्प्याटप्प्याने दाखवून दिला. १९७४ साली त्यांना आल्बेर क्लोद व क्रिस्तियाँ द द्यूव यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिनांत त्यांचे स्थान ठरवणारे संकेत अंगभूत असतात, या शोधासाठी ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल देण्यात आले. रँडी शेकमन यांनी यीस्टमधील वहनाची जनुके शोधली, जेम्स रॉथमन यांनी पुटिका योग्य पटलाशी कशी जुळते हे उलगडले, तर थॉमस सुडहॉफ यांनी चेतापेशीत पुटिका नेमक्या क्षणी कशा रिकाम्या होतात हे दाखवले. या तिघांना २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.