तेरा टीम्सचा सीव्ही

सहा वर्षांत चार ऑफिसं. इंटरव्ह्यूमध्ये हा आकडा सांगितला, की समोरच्या मॅडमच्या भुवया वर जातातच. ‘इतके जॉब्ज? का बरं?’ फ्रीलान्सिंगला कंटाळून मी पुन्हा नोकरी शोधतेय आणि गेल्या महिन्यात हाच सीन झाला. घरी येऊन सीव्हीतली एखादी नोकरी गुपचूप उडवावी का, असा विचार करत बसले होते. तेव्हा ऑक्टेव्हिओ डोटेल आठवला.

डोमिनिकन रिपब्लिकचा हा बेसबॉल पिचर अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये पंधरा सीझन्स खेळला आणि तब्बल तेरा टीम्सकडून! २०१२मध्ये डेट्रॉइटची जर्सी घातली, तेव्हा तो चक्क रेकॉर्ड झाला.

पिचर म्हणजे आपला बोलर समजा. त्यातही डोटेल मुख्यतः रिलीफ पिचर. सुरुवातीचा पिचर दमला किंवा मॅच फसली, की याला बोलावणं. काम एखाद्या इनिंगचं. नीट केलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही, चुकलं तर सगळं स्टेडियम बोंबलतं. ओळखीचं वाटतंय ना?

१९९९मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून सुरुवात, आणि सीझन संपताच रवानगी ह्यूस्टनला. तिथे गडी चमकला. ११ जून २००३ला ह्यूस्टनच्या सहा पिचर्सनी मिळून बलाढ्य यांकीजना एकही हिट मारू दिली नाही. त्यात डोटेलने एकाच इनिंगमध्ये चौघांना स्ट्राइकआउट केलं. इनिंग तर तीन आउटवर संपते, मग चौथा कुठून आला? कॅचरला तिसऱ्या स्ट्राइकचा बॉल पकडता आला नाही, तर बॅटर फर्स्ट बेसकडे पळू शकतो. म्हणजे बिचाऱ्याला एक माणूस जास्तीचा बाद करावा लागला.

मग ग्राफ घसरला. २००४मध्ये ओकलंड, २००५मध्ये कोपराचं मोठं ऑपरेशन. २००६मध्ये यांकीजकडून परतला. पुढे कॅन्सस सिटी, अटलांटा, शिकागो. २०१०मध्ये तर कहरच! पिट्सबर्ग, लॉस एंजेलिस, कोलोरॅडो. एका सीझनमध्ये तीन शहरं. ट्रेड करताना खेळाडूला बहुतेकदा कुणी विचारतही नाही, बॉस.

जुलै २०११मध्ये टोरांटोने त्याला सेंट लुईसला धाडलं. गंमत म्हणजे त्याच डीलमध्ये एडविन जॅक्सनही सेंट लुईसला आला. २०१९मध्ये चौदावी टीम गाठून डोटेलचा रेकॉर्ड मोडणारा हाच. त्या ऑक्टोबरमध्ये सेंट लुईसने वर्ल्ड सीरिज जिंकली. डोटेल तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि ही त्याची बारावी टीम. अकराव्या टीमनंतर त्याने कंटाळून बॅग भरली असती तर?

८ एप्रिल २०२५ला सांतो दोमिंगोतल्या जेट सेट नाइटक्लबचं छप्पर कोसळलं. २३०हून जास्त माणसं गेली. डोटेलला ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलं होतं, पण तो वाचला नाही. वय फक्त ५१.

त्याची टीम्सची यादी मी आधी ‘इतक्या वेळा नको झालेला माणूस’ म्हणून वाचली होती. ते खोटंही नाही. पण तेरा वेळा कुणीतरी ‘हा आम्हाला हवाय’ असंही म्हटलंच की!

सीव्हीत चारही नोकऱ्या तशाच ठेवल्यात. सोमवारी पुन्हा इंटरव्ह्यू आहे. भुवया वर गेल्या तर जाऊ देत.