विश्लेषण : एअर रायफलचा छर्रा सरळ का जातो आणि भरकटतो कधी?

हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २५ सप्टेंबर २०२३ रोजी भारताला पहिले सुवर्ण मिळाले ते १० मीटर एअर रायफलच्या सांघिक प्रकारात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि दिव्यांश सिंह पन्वर यांनी मिळून १८९३.७ गुण केले. चीनच्या नावावरचा आधीचा विश्वविक्रम होता १८९३.३ गुणांचा. या लक्ष्यावर ०.१ गुण म्हणजे केंद्रापासून पाव मिलिमीटर. तिघांच्या १८० नेमांचा हिशेब लावला, तर विक्रम मोडला तो सगळा मिळून जेमतेम एका मिलिमीटरने! इतक्या बारीक खेळात हाताइतकाच छर्राही महत्त्वाचा ठरतो.

गोल गोळ्याचे काय चुकायचे?

रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदी समुद्राला मिळते, तिथे पूर्णगड उभा आहे. खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवणारा छोटेखानी किल्ला. तो कामाचा होता त्या काळी तोफेची नळी आतून गुळगुळीत आणि गोळा गोल असे. तोंडाकडून भरायचा म्हणून गोळा नळीपेक्षा थोडा लहान ठेवावा लागे. मग बार उडाला की तो नळीत आपटत बाहेर पडे आणि शेवटी ज्या बाजूला घासला, त्यानुसार कशीही गिरकी घेई. फिरकीपटूचा चेंडू हवेत वळतो, तसाच हा गोळाही वळे; फक्त कुठे वळणार हे गोलंदाजाला माहीत नसे. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने तोफांवरचा आपला ग्रंथ १७४२ मध्ये छापला. गोळा बाजूला का जातो, याचे कारण या गिरकीत आहे हे त्याने प्रयोगांनी दाखवले.

उपायही गिरकीतच होता. नळीला आतून पीळदार खाचे पाडले, की गोळी पुढच्या दिशेच्या आसाभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी तोल धरते.

डमरूचा आकार कशासाठी?

एअर रायफलचा छर्रा शिशाचा, ४.५ मिलिमीटर जाडीचा आणि साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा. डोके भरीव, कंबर बारीक, मागचा घेर पोकळ. हवेचा दाब आला की हा पातळ घेर फुलून खाचांना घट्ट बसतो, हवा निसटत नाही. उडताना वजन पुढे आणि हवेचा अडसर मागे राहतो. बॅडमिंटनचे फूल कसेही मारले तरी बुचाकडून पुढे जाते, त्यातलाच हा प्रकार. स्पर्धेच्या छर्ऱ्याचे डोके सपाट असते, कारण त्याने कागदाला स्वच्छ गोल भोक पडते. लांबवर जायला हा आकार वाईट, पण १० मीटरवर चालून जातो.

छर्रा उलटा भरला तर वजन मागे जाते आणि हवा त्याला फिरवून सरळ करू पाहते. गिरकी त्याला काही अंतर सावरते, पण नेम विखुरतो. सुलटा पण किंचित तिरका बसला, तरी तो हेलकावे खात जातो. घेराला एका बाजूने पोचा असेल, तर नळीतून सुटताना मागची हवा त्याच बाजूने आधी निसटते आणि त्याला ढकलते.

मग गिरकी जितकी जास्त तितके चांगले?

नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. नळीचा एक पीळ सुमारे ४५ सेंटिमीटरचा धरला, तर १० मीटरमध्ये छर्रा २२ वेळा फिरतो. सेकंदाला १७० मीटर वेगाने जाताना हा दर सेकंदाला पावणेचारशेच्या वर फेऱ्यांचा होतो. आता समजा, घडणीत राहिलेल्या दोषामुळे वजनाचा मध्य ०.०१ मिलिमीटरने बाजूला आहे. नळीत छर्रा स्वतःच्या आसाभोवती फिरतो, पण बाहेर पडताच वजनाच्या मध्याभोवती फिरू लागतो. गोफणीतून दगड सुटावा तसा तो मध्य बाजूला निघतो. लक्ष्यापर्यंत ही चूक होते जवळपास १.४ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या गुणाहून जास्त. पीळ अधिक कडक केला, तर हीच चूक वाढते. फूल जसे शेपटीच्या जोरावर सावरते तसा डमरूचा छर्राही सावरतो, म्हणून त्याला माफक गिरकी पुरते. कंबर नसलेल्या भरीव गोळीला तो आधार नसतो. तिला जास्त पीळ लागतोच.

ही चूक कोणत्या दिशेला होईल, ते छर्रा भरताना त्याची जड बाजू कुठे होती त्यावर ठरते. एका साच्यातल्या छर्ऱ्यांचा दोष बहुधा सारखा असतो, पण तो दरवेळी वेगळ्या बाजूला बसल्याने नेम वर्तुळभर पसरतो.

म्हणूनच वरच्या पातळीचे नेमबाज रायफल शिकंज्यात पकडून डबी-डबीची चाचणी घेतात. डोक्याची जाडी ४.४९, ४.५० की ४.५१ मिलिमीटर, यातले आपल्या नळीला काय मानवते ते कागदावरच्या भोकांवरून ठरते. एका रायफलला चाललेली डबी दुसरीला चालेलच असे नाही. आणि सरावात हातातून फरशीवर पडलेला छर्रा उचलून परत भरायचा नाही. पोचा डोळ्याला दिसत नाही, लक्ष्यावर दिसतो.