गरोदरपणी एमआरआय : भय कोठे, सावधगिरी कोठे

गरोदर सुनेला डॉक्टरांनी एमआरआय सांगितला की घरातील मंडळींच्या पोटात गोळा येतो. बाळाला किरणे लागतील, व्यंग येईल, असे कुणी म्हणते, शेजारीण त्यात भर घालते आणि तपासणी लांबणीवर पडते. म्हणून या खेपेस खत-बियाण्यांना रजा देऊन आम्ही हा विषय घेतला आहे.

या भीतीला मूळ आहे, पण ते एमआरआयचे नव्हे. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या स्त्रियांच्या मुलांत कर्करोग अधिक आढळतो, हे १९५६ साली इंग्लंडच्या डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट यांनी दाखवून दिले. सीटी स्कॅनमध्येही तेच किरण असतात. एमआरआयमध्ये ते मुळीच नसतात. तेथे काम करतात ते जबर चुंबक आणि रेडिओच्या लहरी.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील चौदा लाखांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी पाहून २०१६ साली एक अहवाल निघाला. पहिल्या तीन महिन्यांत एमआरआय झालेल्या १,७३७ मातांच्या बाळांत व्यंग, बहिरेपणा वा दृष्टिदोष वाढल्याचे दिसले नाही. मात्र गॅडोलिनियम नावाचे औषध शिरेतून देऊन तपासणी झाली तेथे बालमृत्यू व दाहाचे विकार अधिक आढळले. अशा मातांची संख्या थोडी होती, तरीही हे इंजेक्शन अगदी अडल्याखेरीज देत नाहीत. तेव्हा "शिरेतून औषध देणार का?" हे आधी विचारावेच.

एमआरआय हौसेने काढायची वस्तू नव्हे. पहिला मान सोनोग्राफीचा. तिच्याने उलगडा झाला नाही, तर पुढचे पाऊल. आधीच्या सिझेरियनच्या व्रणात वार रुतल्याचा संशय, मेंदूतील शिरेत रक्ताची गुठळी, अपेंडिक्सचे दुखणे, अशा वेळी वाट पाहणेच आईच्या जिवावर बेतते.

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि देगलूर-बिलोलीकडील माणसे आजही अवघड दुखण्यासाठी या शहराची वाट धरतात. येथील निलोफर रुग्णालयाचा जन्मच अशा एका मृत्यूतून झाला. निजामाच्या घराण्यातील राजकन्या निलोफर यांची दासी उपचाराअभावी बाळंतपणात दगावली. त्यांनी ध्यास घेतला आणि १९५३ साली माता-बालकांसाठी हे रुग्णालय सुरू झाले.

खरा धोका लोखंडाचा आहे. सामान्यतः हे चुंबक वीज गेली तरी बंद होत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे हाती घेऊन त्या खोलीत गेलेला एक तरुण नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन प्राणास मुकला. म्हणून गळ्यातील क्रूस, मंगळसूत्र, जोडवी, केसांतील पिना बाहेरच ठेवाव्यात. सोबत जाणाऱ्याने खिशातील चावी व चाकूही. आमच्या शेतकरी भगिनींना आणखी एक सांगणे : विळा, कुऱ्हाड ठोकताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर तो आजही आत असू शकतो आणि चुंबकाने हलून डोळा निकामी होऊ शकतो. विचारले नाही तरी हे सांगावे.

बाळ मुलगा की मुलगी, हे विचारणे आणि सांगणे येथेही गुन्हाच आहे.

आत यंत्र मोठा खडखडाट करते. कानात बोळे देतात, ते नीट बसवून घ्यावेत. दिवस भरत आले असतील तर उताणे पडल्याने घेरी येते. डाव्या कुशीवर कलते निजवा, असे म्हणायला संकोचू नये. हातात रबरी फुगा देतात, जीव घाबरला की तो दाबावा. बाहेरचा माणूस तत्काळ येतो.