गाडीचं नाव नको, पार्टचा नंबर सांगा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान ईदसाठी आम्ही मुंबईहून गावी निघालो होतो. मागच्या सीटवर अम्मी आणि मुलं. कशेडी घाट उतरताना पुढच्या चाकातून जळका वास येऊ लागला. ब्रेक दाबला की करकर आवाज. गाडी कशीबशी बाजूला घेतली, तर चाकाजवळ हात नेववत नव्हता. खेडच्या मिस्त्रींनी चाक खोललं आणि म्हणाले, “भाई, हे पॅड तुमच्या गाडीचे नाहीतच. कानशीने घासून बसवलेत.”

ते पॅड निघण्यापूर्वीच नवे घातले होते. दुकानात आम्ही गाडीचं नाव आणि साल सांगितलं होतं. पण ते साल नोंदणीचं. गाडी बनली होती आदल्या वर्षीच्या डिसेंबरात, आणि नव्या वर्षाच्या गाड्यांचे ब्रेक वेगळे होते. मिस्त्रींच्या मुलाने आरसी बुक मागितलं, मोबाइलवर चेसिस नंबर टाकला आणि पाच मिनिटांत नेमका पार्ट नंबर काढून दिला. अल्हम्दुलिल्लाह, जिवावरचं थोडक्यात निभावलं. तेव्हापासून आम्ही कोणताही पार्ट नावाने मागत नाही, नंबरने मागतो.

नंबर शोधायचा कसा?

सुरुवात घरातल्या आरसीपासून करा. त्यावर १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. म्हणून ‘ओ’ वाटतो तो शून्य आणि ‘आय’ वाटतो तो एक समजावा. आरसीवरच गाडी बनल्याचा महिना आणि वर्षही पाहून ठेवा. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचं झालं. त्यामुळे एकाच नावाच्या, दिसायला सारख्या दोन गाड्यांचे ब्रेक, सेन्सर, सायलेन्सर वेगळे असू शकतात.

ऑनलाइन कॅटलॉगमध्ये चेसिस नंबर टाकायची सोय असेल तर तोच टाका. नसेल तर मॉडेल, इंधन, व्हेरिएंट आणि बनल्याचा महिना निवडा. पुढे इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन, बॉडी असे विभाग येतात. प्रत्येक विभागात सुटे भाग अलग अलग करून दाखवलेलं चित्र असतं. चित्रातल्या भागाजवळचा आकडा खालच्या यादीत शोधला की पार्ट नंबर आणि किती नग लागतात ते कळतं.

इथे तीन गोष्टींकडे लक्ष द्या. डावं-उजवं हे समोर तोंड करून गाडीत बसलेल्या माणसाचं धरतात, गाडीपुढे उभं राहून पाहणाऱ्याचं नव्हे. कधी कंपनी जुना नंबर बंद करून त्याच पार्टला नवा देते. चांगला कॅटलॉग तसं दाखवतो. आणि जुन्या पार्टवर कोरलेला नंबर जुळवून पाहा, पण त्यावरच विसंबू नका. आमच्यासारखा तोही चुकीचाच बसवलेला असू शकतो! बॉश, ब्रेम्बो अशा कंपन्यांचे स्वतःचे कॅटलॉग आहेत. त्यांचा कोणता नंबर आपल्या गाडीला चालतो ते त्यात पाहता येतं.

आखातातून पार्ट मागवताना

आपल्याकडे अनेक घरांत कुणी ना कुणी आखातात असतो. “तिकडे अस्सल माल मिळतो, येताना हेडलाइट घेऊन ये,” असं आपण सहज सांगतो. पण तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तिकडच्या हेडलाइटचा डिपरचा झोत उजवीकडे जास्त लांब पडतो. तोच दिवा इथे बसवला तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. म्हणजे माल अस्सल असूनही आपल्या रस्त्यासाठी चुकीचा. पार्ट मागवायचाच असेल तर आधी इथल्या गाडीचा पार्ट नंबर काढा आणि तोच नंबर तिकडे पाठवा.

बिलावरही नंबर हवा

दुकानदाराला नंबर लिहून द्या. पाकिटावरचा नंबर, बनवणाऱ्याचं नाव आणि किंमत पाहा. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. बदलून घ्यायची वेळ आली तर तोच पुरावा. आणि मिस्त्री म्हणाला, “थोडं घासलं की बसेल,” तर तिथेच थांबवा. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत ‘बसेल’ हा शब्द ऐकूनच घेऊ नका.

मदीनेच्या बाजारात हजरत पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतला माल ओला लागला. पावसाने भिजल्याचं विक्रेत्याने सांगितलं. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असं त्यांनी विचारलं. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्यातले कितीतरी भाऊ गॅरेज आणि स्पेअर पार्टच्या धंद्यात आहेत. गिऱ्हाइकाने न विचारताही “हा कंपनीचा नाही”, “हा तुमच्या गाडीचा नाही” हे सांगणं त्यांचं काम. पण ढिगात हात घालून पाहणं आपल्यालाही जमायला हवं. कारण मागच्या सीटवर बसलेली माणसं ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. आरसीवरचा चेसिस नंबर मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि घरात जो कुणी गाडी चालवतो, त्यालाही पाठवा.