निदान आधी, पाना नंतर

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांचे तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडमागे छोटेसे गॅरेज आहे. तर्कशास्त्राच्या तासाला जे शिकतो त्यातला एक धडा मला या गॅरेजमध्येच मिळाला, तोही चूक करून. म्हणून जुनी मोटार सुरू का होत नाही, या रुक्ष वाटणाऱ्या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सी.सी. इंजिनाची ही गाडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. पण गावाकडे एखादी पद्मिनी अजून हौसेने जपलेली दिसते. तिच्यात कॉम्प्युटर नाही. त्यामुळे तिचा दोष डोळे, कान आणि डोके वापरून शोधता येतो.

गिअर न्यूट्रलला ठेवून पहिला प्रश्न विचारावा: किल्ली फिरवल्यावर सेल्फ इंजिनाला फिरवतो का? नुसता 'टक्' आवाज आला, तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवे विझू लागले, तर बॅटरी उतरलेली असेल किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचून जोड कच्चा झाला असेल. दिवे लख्खच राहिले, तर सेल्फ, त्याचा स्विच आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी तपासावी.

सेल्फ जोरात फिरतो, तरीही इंजिन सुरू होत नाही. मग प्रश्न दोनच उरतात. ठिणगी आहे का? पेट्रोल येते का?

ठिणगीसाठी एक प्लग काढून पुन्हा त्याच्या वायरीत बसवावा, रबरी मुठीच्या पकडीने धरून इंजिनाच्या धातूला टेकवावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. निळी, कडक ठिणगी पडली तर ती बाजू निर्दोष. पिवळट किंवा मुळीच नसेल, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडावे. पावसाळ्यात आत दमट हवा साचते. कोरड्या फडक्याने पुसल्यावर कित्येकदा काम होते. नाहीतर पॉइंट जळालेले आहेत का, त्यांच्यातले अंतर साधारण ०.४ मिलिमीटर आहे का, हे पाहावे. त्यानंतर कंडेन्सर आणि कॉइल.

ठिणगी चांगली असेल, तर प्लगचे टोक पाहावे. ओले असेल, तर चोक जास्त ओढल्याने पेट्रोल अति झाले आहे; चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा. कोरडे असेल, तर टाकी, फिल्टर, पंप आणि कार्बोरेटर या क्रमाने जावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये.

आता माझी चूक. गेल्या पावसाळ्यात बाबा परगावी गेले असताना एक निवृत्त गुरुजी गाडी बंद पडल्याचे सांगत आले. 'टक्' आवाज ऐकला, दिवे मंदावलेले पाहिले आणि मी सांगून टाकले, "गुरुजी, बॅटरी गेली." नवी बसवली. गाडी लगेच सुरू झाली. मला केवढा अभिमान वाटला!

दुसऱ्या दिवशी बाबांनी कोपऱ्यातली जुनी बॅटरी दुसऱ्या गाडीला लावली. सेल्फ झटक्यात फिरला.

"टर्मिनल घासलं होतंस का रे?"

"हो, नवी बसवताना."

"मग गाडी बॅटरीनं सुरू झाली का घासण्यानं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. एकानंतर दुसरे घडले म्हणून पहिलेच कारण मानायचे, याला आपण काकतालीय न्याय म्हणतो. परीक्षेत त्याची व्याख्या मी अचूक लिहिली होती! गाडी सुरू झाली होती, पण निदान चुकले होते, आणि त्याची किंमत गुरुजींच्या पेन्शनमधून गेली होती.

संध्याकाळी बाबा मला घेऊन गुरुजींकडे गेले. त्यांनी जुनी बॅटरी परत बसवली, पैसे पुढे ठेवले आणि म्हणाले, "पोराची चूक झाली. तुम्हीच मला चौथीपर्यंत शिकवलंत, तुमच्याकडून फुकटचा पैसा कसा घेऊ?"

नवी बॅटरी वापरलेली म्हणून कमी भावात विकावी लागली. तो तोटा बाबांनी सोसला, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेव्हापासून कोणताही भाग दोषी ठरल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. चौथी शिकलेल्या माणसाकडून मिळालेला तर्कशास्त्राचा हा धडा मित्रांच्याही उपयोगी पडावा, एवढीच इच्छा.