सूर्यप्रकाशाची मोड

पेढीवर एखाद्या नोटेविषयी शंका आली की आपण ती जांभळ्या दिव्याखाली धरतो. लगेच कागदातील तंतू व अंकांची छपाई चमकू लागते. त्या दिव्यातील जंबुपार (अतिनील) किरण डोळ्यांस दिसत नाहीत. परंतु ती शाई व ते तंतू हे किरण शोषून घेतात आणि दृश्य प्रकाशाच्या रूपाने परत करतात. हा गुण ज्या पदार्थांत असतो त्यांस स्फुरक म्हणतात. ट्यूबलाइटच्या नळीतील पांढरी पूड याच जातीची होय. सौरघटांची वीज वाढविण्यासाठी आता याच पदार्थांचा अभ्यास चालू आहे. घराच्या वा गोदामाच्या छपरावर पॅनेले बसवू इच्छिणाऱ्या सभासद बंधुभगिनींस हा विषय ठाऊक असणे हिताचे आहे.

प्रकाश कणाकणांनी येतो. सिलिकॉनचा घट साधारणतः एका कणाच्या मोबदल्यात एकच इलेक्ट्रॉन मोकळा करतो, आणि त्याचा भाव ठरलेला आहे : सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जांभळ्या प्रकाशाचा कण ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असला तरी माल तेवढाच मिळतो. वरची रक्कम उष्णतेत जाते, मोड परत मिळत नाही. उलट ०.८ चा अवरक्त कण भावास उतरत नाही, म्हणून तो तसाच निघून जातो. पहिल्या प्रकारे सूर्याच्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश व दुसऱ्या प्रकारे सुमारे एक पंचमांश भाग वाया जातो. यामुळेच शॉक्ली व क्वाइसर या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये अशा घटाची कमाल मर्यादा सुमारे ३० टक्के ठरविली. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचा घट ६ टक्क्यांचा होता. आज बाजारातील चांगली पॅनेले २० ते २३ टक्क्यांच्या घरात आहेत.

स्फुरकांचे काम सराफाचे आहे. मोठ्या कणाची मोड करून दोन लहान कण द्यावयाचे, किंवा दोन लहान कण घेऊन एक मोठा द्यावयाचा. टर्बियम व यटर्बियम या धातूंची जोडी निळ्या प्रकाशाच्या एका कणातून अवरक्ताचे दोन कण देऊ शकते, व ते दोन्ही सिलिकॉनला चालतात. मोड करणारा थर घटाच्या पुढे असावा लागतो. एर्बियमयुक्त स्फुरक लहान कणांची बेरीज करतो. तो घटाच्या मागे ठेवतात. मोडीच्या मार्गाने मर्यादा ४० टक्क्यांजवळ नेता येईल, असे २००२ मध्ये गणिताने दाखविले गेले.

मात्र प्रत्येक सराफ बट्टा घेतोच. स्फुरकातून प्रकाश सर्व दिशांस फाकतो, त्यातील काही आकाशाकडे परत जातो. टर्बियम फारच थोडा प्रकाश शोषतो, आणि एर्बियमला प्रखर प्रकाश लागतो. हा बट्टा कमी करणे हाच आजचा खरा प्रश्न आहे. आपल्या मराठी मुलखात नागपूर विद्यापीठातील प्रा. संजय ढोबळे व प्रा. मोहरील, तसेच अमरावती विद्यापीठातील प्रा. ओमनवार यांनी स्फुरकांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

मग ग्राहकाने काय करावे? काही हेटेरोजंक्शन पॅनेलांत जंबुपार किरणांचे निळ्या प्रकाशात रूपांतर करणारी फिल्म असते; त्या किरणांपासून घटाचे रक्षण करणे हा तिचा एक मोठा हेतू असतो. तिचा जो काही लाभ असेल तो पॅनेलवर छापलेल्या वॅटमध्ये आधीच धरलेला असतो. तो आकडा २५ अंश तापमानावर मोजतात. आपल्या ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पॅनेल त्याहून पुष्कळ तापते, व दर अंशामागे उत्पन्न सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घटते. म्हणून भाव वॅटमागे ठरवावा, हमी लेखी घ्यावी, आणि लेपाच्या नावाखाली निराळी रक्कम देऊ नये. बसविलेल्या पॅनेलवर बाहेरून लेप लावल्यास मूळ हमीही धोक्यात येऊ शकते. धान्य नमुना पाहून व तोलून घेणाऱ्यांनी वीजही मापूनच घ्यावी.