आधी ळ बघा

रत्नागिरीच्या मामीने कुळथाचं पीठ, आगळ आणि फणसपोळी विकायला सुरुवात केली, तेव्हा पहिली लेबलं तिथल्याच एका फ्लेक्सवाल्याने करून दिली. दोनशे लेबलं आली. त्यातलं एक पाकिटाला चिकटवून मामीने एस. टी. पार्सलने पुण्याला माझ्याकडे धाडलं आणि रात्री फोन केला. ‘बाय, यात कायतरी चुकलंय. काय ते मला सांगता येत नाही, पण बघवत नाही.’

मी गेली बावीस वर्षं डीटीपी करते. काय चुकलंय ते पाकीट हातात घेताक्षणी दिसलं. ‘कुळीथ’मधल्या ळचे दोन्ही डोळे शाईने बुजले होते आणि अक्षराच्या जागी एक काळा गोळा उरला होता. ‘आगळ’मध्ये तेच आणि ‘फणसपोळी’तही तेच. व्यवसायाचं नावही ळनेच संपतं. नाव घरचंच आहे, तीन अक्षरांचं. मामीच्या सगळ्या मालावर ळ होता आणि एकही ळ धड वाचता येत नव्हता. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, ‘वाऱ्याला उघडे ठेवू नये’. तिथे ‘वाऱ्याला’ असं न छापता यवर रफार देऊन ‘वार्याला’ छापलं होतं. शाळेत आपण आचार्यांना आणि आचाऱ्यांना यातला फरक शिकलेलो असतो. खाण्याच्या वस्तूवर तरी आचाऱ्याचा आचार्य होऊ नये.

फ्लेक्सवाल्याकडून सीडीआर फाइल मागवली. ती माझ्या संगणकावर उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. फॉन्ट युनिकोडपूर्व काळातला होता. अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, त्यांच्यावर मराठी चेहरा चढवलेला असतो. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की चेहरा गळून पडतो. फ्लेक्सवाल्याला विचारलं, फॉन्ट कुठला? म्हणाला, ‘फ्री आहे मॅडम, नेटवरून घेतला.’ सोबतची मजकूर-फाइल मी मागून घेतली. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, फक्त वैयक्तिक वापरासाठी. म्हणजे लग्नपत्रिकेला चालेल, विकायच्या पाकिटाला नाही.

‘फ्री’ या शब्दाने छोट्या व्यावसायिकांची फार फसगत होते. एक फुकट म्हणजे विकतच्या फॉन्टची चोरलेली प्रत. ती पेन ड्राइव्हवरून गावभर फिरते. दुसरं फुकट म्हणजे हे वैयक्तिक वापरापुरतं. आणि तिसरं, खरंखुरं मोकळं. त्यासाठी फॉन्टसोबत एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे ओएफएल, आहे का ते बघायचं. या परवान्याखाली फॉन्ट धंद्यासाठी वापरता येतो, पाकिटावर, पाटीवर, टेम्पोवर कुठेही. त्यात बदल करता येतात. तो नुसता सुटा विकता येत नाही, आणि बदललेला फॉन्ट पुढे द्यायचा तर याच परवान्याखाली द्यावा लागतो. पण त्या फॉन्टमध्ये केलेला लोगो तुमचा, त्याच्यावर या अटी येत नाहीत. गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक देवनागरी फॉन्ट याच परवान्याचे आहेत. मी फॉन्ट उतरवून घेते तेव्हा परवान्याची मजकूर-फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवते आणि ग्राहकालाही देते.

आता निवड. फॉन्टच्या नमुन्यात जे वाक्य असतं त्यावर जाऊ नये. ते वाक्य फॉन्ट चांगला दिसावा म्हणूनच निवडलेलं असतं. आपली ओळ आपण करायची. मामीच्या मालावरून मी अशी ओळ केली: कुळीथ, आगळ, फणसपोळी, लोणचं, शुद्ध, नाचणी सत्त्व, वाऱ्याला, निव्वळ वजन, ग्रॅम, ५ ८ ९, ₹. या एका ओळीत फॉन्टचं सगळं पाणी जोखलं जातं. ‘सत्त्व’मध्ये दोन त आणि व नीट जुळतात की मधेच हलन्ताचा पाय बाहेर येतो? ‘ग्रॅम’वरचा चंद्र ग्रवर बसतो की बाजूला सरकतो? ऱ्यची ती पापणीसारखी कोयरी येते का? रुपयाचं चिन्ह आहे की रिकामा चौकोन? ५, ८, ९ आपल्या वळणाचे आहेत की हिंदीच्या?

ल आणि शचं वेगळंच. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा, मधे छोटा देठ. हिंदीचा ल उजवीकडे उभा दंड घेऊन येतो. शचंही मराठी वळण निराळं. २००९ साली राज्य शासनाने वर्णमालेबद्दलच्या निर्णयात ही मराठी वळणं ठरवून दिली, पण रस्त्याने पाट्या वाचत चाललं तर दंडाचा ल पावलोपावली भेटतो. दोष दर वेळी फॉन्टचा नसतो. बऱ्याच चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी ल येतो, ती जागा तशीच सोडली की हिंदी राहतो. ही एक टिचकी मारायची असते, आणि ती मारायची असते हेच कुणी सांगितलेलं नसतं. तिरो देवनागरीचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच आहेत. मराठीचा घेतला की हा प्रश्न उरतच नाही. पुस्तकी वळणाचा, फार देखणा फॉन्ट आहे तो. पण कुळथाच्या पिठावर तो मला ग्रंथासारखा दिसला, म्हणून बाजूला ठेवला.

एका रविवारी मामी पुण्याला आली. मी अकरा फॉन्टमध्ये तीच ओळ आणि तिचं नाव छापून कागद टेबलावर पसरले. तिने चष्मा लावला आणि पहिलं बोट ठेवलं ते मोदकवर. ‘ह्या बघ, खाण्यासारखा दिसतो.’ खरंच दिसतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा हा फॉन्ट नावाप्रमाणे भरगच्च आहे, अक्षरातल्या पोकळ्या अगदी रेघेएवढ्या उरतात. मोठ्या पाटीवर तो झकास दिसेल. पण मी तोच शब्द लेबलाच्या खऱ्या मापात छापून दिला, अक्षराची उंची पाच मिलिमीटर. मामीने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि ठेवून दिला. ळ पुन्हा बुजला होता.

रोझा वनमध्ये जाड रेघ फार जाड आणि बारीक रेघ फार बारीक. दागिन्यांच्या दुकानाला शोभेल, पण स्टिकरच्या छपाईत बारीक रेघ उडून जाते. तेको चौकोनी आणि उंच. क्रीडास्पर्धेच्या फलकावर मी तो डोळे मिटून वापरीन, पण ळची गोलाई त्यात दाबली जाते. कलम हस्ताक्षरासारखा आहे, घरगुती वाटतो, पण मामीचं म्हणणं, ‘हे माझं अक्षर नाय.’ हे मला पटलं. पॉपिन्स सुबक, भूमितीच्या गोलांतून काढलेला. तो इतक्या ठिकाणी दिसतो की पाकीट कुणाचंही वाटतं. यात्रा वनवर मी स्वतः रेंगाळले. मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो केलेला आहे, आणि दादर-परळच्या पाट्या वाचत वाढलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो. पण तो एकाच जाडीत मिळतो, आणि मामीचा माल कोकणातल्या अंगणातला, रेल्वेच्या फलाटावरचा नाही.

शेवटी दोन कागद उरले, बालू आणि मुक्ता. दोन्ही एक टाइपचेच. बालू गुबगुबीत आणि गोल कोपऱ्यांचा. सुरुवातीला तो एकाच जाडीत होता, बालू २ मध्ये पाच जाड्या आल्या. मी मधली जाडी पाच मिलिमीटरला छापली. ळचे दोन्ही डोळे उघडे. मामी म्हणाली, ‘ह्या अक्षर पोटभर जेवलेला दिसतो.’ नाव त्यात करायचं ठरलं. खालची सगळी माहिती, घटक, वजन, पत्ता, मुक्तामध्ये. मुक्ताच्या सात जाड्या आहेत आणि त्याचं रोमनही सोबतच येतं. हे रोमन महत्त्वाचं. पाकिटावरचा कायदेशीर मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत द्यावा लागतो, अन्न परवान्याचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी क्रमांक असतो, आणि मराठीशेजारी भलत्याच इंग्रजी फॉन्टची ओळ आली की लेबल तुकडे जोडल्यासारखं दिसतं.

इथे फॉन्टचं काम संपलं, लोगोचं सुरू झालं. नाव टाइप केलं आणि लोगो झाला, असं मी कधी मानत नाही. जो फॉन्ट मला फुकट मिळाला तो शेजारच्या गावच्या मसालेवाल्यालाही फुकट आहे, आणि त्याने तो वापरला तर मामी त्याला अडवू शकत नाही. फॉन्ट यायच्या आधी मराठी नावं रेखली जात. कमल शेडगे यांनी जाहिरातींसाठी रेखलेली नाटकांची नावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अक्षरावरून नाटकाचा स्वभाव कसा कळायचा ते सांगावं लागणार नाही. ते २०२० साली गेले. त्यांचा हात माझ्याकडे नाही, पण फॉन्टला कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, चार बिंदू हलवायला मी शिकले आहे. नावातली मात्रा मी थोडी लांबवून उतरत्या कौलासारखी कलती केली. ळचे डोळे आणखी केसभर उघडले. शिरोरेषा डावीकडे किंचित पुढे काढली, पागोळी पडते तेवढी.

शिरोरेषेची एक गोष्ट माझ्या मुलखातल्या सगळ्या डीटीपीवाल्यांना सांगावीशी वाटते. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते, म्हणून ती सलग दिसते. कागदावर ती सलगच छापली जाते. पण तीच फाइल विनाइल कापणाऱ्या प्लॉटरला किंवा ॲक्रिलिक कापणाऱ्या राउटरला दिली, तर यंत्र प्रत्येक जोडावर पातं फिरवतं आणि पाटीवर अक्षराअक्षराला चिरा पडतात. कर्व्ह केल्यावर सगळ्या अक्षरांना वेल्ड करायचं, म्हणजे पूर्ण शब्द एकच आकार होतो. हे न केल्यामुळे वाया गेलेली पाटी मी स्वतः एका ग्राहकाला भरून दिली आहे.

मग चाचण्या. एका रंगात छापून बघितलं. रबरी शिक्का करून घेतला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर दहा वेळा मारला. दहाव्या शिक्क्यालाही ळ वाचता आला. व्हॉट्सॲपच्या गोल चित्रात टाकून मामीच्या जुन्या फोनवर बघितलं. पाकीट फडताळात इतर पाकिटांमध्ये ठेवून दाराशी उभं राहून वाचलं. या सगळ्याला एक दुपार लागली.

पाटीचाही विचार आताच करून ठेवला. मामी पुढेमागे गाळा घेईल. राज्याच्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा माझ्याकडे पाट्यांची रांग लागली होती. इंग्रजी लोगोवर हजारो रुपये घालवलेले दुकानदार मराठीसाठी म्हणायचे, ‘कुठल्याही फॉन्टमध्ये टाका, कायद्यापुरतं.’ मला ते फार लागायचं. ज्या भाषेत गिऱ्हाईक दुकानात येऊन बोलतं, तिचं अक्षर कायद्यापुरतं का असावं? चांगले मराठी फॉन्ट मिळत नाहीत, असं आता म्हणता येत नाही. आपल्या अक्षरांवर वर्षानुवर्षं मेहनत घेणाऱ्या माणसांनी ते करून मोकळे ठेवले आहेत.

नवी लेबलं पाचशे छापली. फॉन्टचा खर्च शून्य. मामीच्या ई-मेलवर एक फोल्डर पाठवला आहे: वेल्ड केलेला लोगो, एकरंगी लोगो, दोन्ही फॉन्ट आणि त्यांचे परवाने. पुढचा छापखाना कुठलाही असो, तिला माझी गरज लागू नये.

तुम्ही लेबल करायला टाकणार असाल, तर छापखान्यात जाण्याआधी आपल्या मालाची नावं एका कागदावर लिहून काढा. त्यात ळ, ऱ्य, ल, श, त्त्व जे काही असेल ते निवडलेल्या फॉन्टमध्ये खऱ्या मापात छापून मागा. छापखानेवाला म्हणेल, ‘मोठं दिसतं तसंच लहान दिसेल.’ तसं दिसत नाही. कागद हातात घेऊनच होकार द्या.